दौरा सरकारचा, रविवार तुमचा

गेल्या अंकात दौऱ्याच्या बिलांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांत फिरून फिरून एकच गोष्ट होती: कामाला जोडून घरचं काही उरकलं, तर सरकार किती देतं आणि किती कापतं? म्हणून या वेळी फक्त तेच. पत्रं सगळी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आहेत, त्यामुळे नियमही केंद्राचेच सांगते. राज्य शासनाचे दर निराळे, नमुने निराळे. ते दोन्ही एका ताटात वाढायला नकोत.

प्रश्न: मी नागपूरच्या एका केंद्रीय कार्यालयात लेव्हल ७ वर (सातव्या वेतनस्तरावर) आहे. गुरुवार-शुक्रवार दिल्लीला बैठक आहे. सौ.ही बरोबर येईन म्हणते. शनिवार-रविवार मथुरा-वृंदावन, सोमवारी एक सीएल (नैमित्तिक रजा) आणि मंगळवारी परत, असा बेत आहे. ऑफिसात कुणी म्हणतं परतीचं भाडं बुडेल, कुणी म्हणतं अख्खं टीए (प्रवास भत्त्याचं) बिलच परत येईल. एकाने तर सांगितलं, कुणाला कळवूच नका. काय करू?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: हा शेवटचा सल्ला देणारे गृहस्थ कुठल्या टेबलावर बसतात ठाऊक नाही, पण बिल सेक्शनमध्ये नक्की नसावेत. अहो, बैठक शुक्रवारी संपली आणि बिलाला तिकीट मंगळवारचं जोडलंय, हे लपणार कसं? माझी सगळी नोकरी दुसऱ्यांची बिलं तपासण्यात गेली. हातात बिल आलं की रकमेच्या आधी तारखा बघायची सवय लागते. रक्कम चुकली तर बेरीज चुकली म्हणून सोडून देता येते. तारखा जुळल्या नाहीत की माणसाबद्दलच शंका येते, आणि मग त्याचं खरं बिलसुद्धा दोनदा उलटून पाहिलं जातं.

आता तुमचा बेत. यात गैर काहीही नाही. दौऱ्यावर असताना सीएल घेता येते. त्या दिवसाचा दैनिक भत्ता तेवढा मिळत नाही. परतीचं भाडंही बुडत नाही. काम संपल्यावर तुम्ही सरळ नागपूरला आला असतात तर सरकारला जो खर्च पडला असता, तेवढा द्यायला सरकार बांधील आहे. तुम्ही मधे कृष्णाचं दर्शन घेतलंत म्हणून तो वाढत नाही, आणि त्याच कारणाने कमीही होत नाही.

हिशेबच मांडून बघू. १३ जुलै २०१७ च्या आदेशानुसार लेव्हल ६ ते ८ ला जेवणापोटी दिवसाला एकरकमी ८०० रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की यात २५ टक्के वाढ होते आणि १ जानेवारी २०२४ ला तो टप्पा गाठला गेला, म्हणजे आता १,००० रुपये. दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजायचा. मुख्यालयाबाहेर, म्हणजे नेमणुकीच्या गावाबाहेर, सहा तासांपेक्षा कमी असलात तर ३० टक्के, सहा ते बारा तास ७० टक्के, त्यावर पूर्ण रक्कम. बुधवारी संध्याकाळी सातला नागपूर सोडलंत, तर बुधवारचे पाच तास होतात, म्हणून ३००. गुरुवारचे १,०००. शुक्रवारी बैठक संपवून रात्रीच्या विमानाने परत आला असतात असं धरून शुक्रवारचे १,०००. एकूण २,३००. शनिवार, रविवार, सोमवार शून्य. मंगळवारचा परतीचा दिवसही शून्य, कारण परतीचा दिवस तुम्ही शुक्रवारी मोजून घेतलेला आहे. इथे बरेच जण घसरतात. मंगळवारी प्रवासात होतो, म्हणून मंगळवारचेही लावतात. एका दौऱ्याला परतीचा प्रवास एकदाच असतो.

रविवारबद्दल एक बारकावा सांगते, कारण तुमच्या पत्रात ‘सुट्टीचे तर मिळतीलच ना’ असं वाक्य आहे. सुट्टीच्या दिवसाचा भत्ता मिळतो, पण माणूस प्रत्यक्ष कॅम्पवर, म्हणजे दौऱ्याच्या गावी, असेल तर. बैठक शुक्रवारी आणि सोमवारी असती, मधले दोन दिवस तुम्ही कामासाठीच दिल्लीत अडकला असतात, तर शनिवार-रविवारचे पैसे हक्काचे होते. त्यातल्या रविवारी पहाटे उठून मथुरा गाठली असती, तर तो रविवार गेला. कागदावर दिल्लीत आणि देहाने वृंदावनात, असं चालत नाही.

भाड्याचं असं करा. लेव्हल ७ ला विमानाचा इकॉनॉमी वर्ग किंवा रेल्वेचा एसी-टू. सरकारी दौऱ्याचं विमान तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडूनच काढायचं असतं. १६ जून २०२२ च्या सूचनांनुसार शक्यतो २१ दिवस आधी काढायचं, तीन तासांच्या टप्प्यात सगळ्यात स्वस्त असेल ते काढायचं. मंगळवारचं तिकीट काढाल त्याच दिवशी, त्याच संकेतस्थळावर शुक्रवार संध्याकाळचं सगळ्यात स्वस्त भाडं बघून त्याचा स्क्रीनशॉट घ्या, छापून ठेवा. बिलाला दोन्ही जोडा. दोन्हींपैकी कमी असेल ते मागा. तो स्क्रीनशॉट महिनाभराने काढू म्हणाल, तर गेलेल्या तारखेचं भाडं कुठलंच संकेतस्थळ दाखवत नाही, आणि तपासणारा मग आपल्याला सोयीचा आकडा धरतो.

तुम्हाला त्याहून सोपी वाट आहे. मथुरा ही दिल्ली–नागपूर रेल्वेमार्गावरच आहे. परतीचं एसी-टूचं तिकीट मथुरेहून नागपूरचं काढलंत, तर ते दिल्लीहून निघणाऱ्या तिकिटापेक्षा स्वस्तच पडेल आणि वाद उरणार नाही. मथुरा–नागपूर प्रत्यक्ष भाडं मागा. दिल्ली ते मथुरा टॅक्सी केलीत तर ती तुमची.

सौभाग्यवतींचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर काढा. एकाच पीएनआरवर दोन नावं असली की कर, कन्व्हिनियन्स फी, सगळ्याची फोड करत बसावं लागतं. हॉटेललाही सांगायचं, बिल सिंगल ऑक्युपन्सीच्या दराने आणि बुधवार-गुरुवार या दोन रात्रींचं वेगळं करा. खरं तर तुमच्या लेव्हलला हा प्रश्न फार टोचणार नाही. मूळ मर्यादा ७५० रुपयांची. दिल्लीसारख्या एक्स वर्गाच्या (सगळ्यात मोठ्या गटातल्या) शहरात पावती दिली तर १,०००, आणि त्यावर ती २५ टक्के वाढ. एवढ्यात करोलबागेत खिडकी असलेली खोली मिळाली, तर मला जरूर कळवा. पत्नी बरोबर असो नसो, मर्यादा आधीच संपलेली असते.

आणि निघण्याआधी हा अर्ज द्या. मी मजकूरच देते, उगाच पाल्हाळ लावू नका:

‘बुधवार ते शुक्रवार दिल्ली येथील बैठकीसाठी माझा दौरा मंजूर आहे. काम शुक्रवारी संपल्यानंतर शनिवार व रविवार या सुट्ट्या आणि सोमवारी एक दिवस नैमित्तिक रजा घेऊन मी स्वखर्चाने मथुरा येथे थांबू इच्छितो. या काळाचा कोणताही भत्ता मी मागणार नाही. परतीचे भाडे दिल्ली ते नागपूर थेट प्रवासाच्या मर्यादेतच मागेन. परवानगी मिळावी.’

खाली तारखा. मंजुरीची प्रत बिलाला पहिल्या पानामागे लावा. तुमचं बिल तपासणाऱ्या मुलीने काही विचारण्याआधीच तिला उत्तर मिळालेलं असेल.

प्रश्न: कोल्हापूरहून पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी मुंबईला जायचं आहे. लेव्हल ६. मी डोंबिवलीला धाकट्या बहिणीकडे राहीन. आमच्याकडे सगळे सांगतात की लेव्हल ८ पर्यंत हॉटेलची पावती लागत नाही, स्वतः सही करून द्यायचं. मग बहिणीकडे राहून ते पैसे घ्यायला काय हरकत आहे? नाहीतरी मी तिच्याकडे मिठाई-फळं नेणारच.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: मिठाई न्या, पण सरकारच्या पैशाने नको.

लेव्हल ८ आणि त्याखाली मर्यादेतल्या रकमेसाठी पावतीशिवाय, स्वयंप्रमाणित दावा चालतो, हे खरं. पण त्या प्रमाणपत्रात राहण्याचा काळ आणि जागेचं नाव लिहायचं असतं. तिथे काय लिहिणार? ‘धाकट्या बहिणीचा फ्लॅट, दुसरा मजला’? भाडं दिलंच नाही तर भाड्याचा परतावा कसला! पावती मागत नाहीत म्हणजे खर्च न करता मागा, असा त्याचा अर्थ नाही. छोट्या पगाराच्या माणसाला पन्नास रुपयांच्या कागदासाठी हेलपाटे पडू नयेत, म्हणून दिलेली ती सवलत आहे. खोट्या प्रमाणपत्रावर सही सापडली तर प्रकरण वसुलीवर थांबत नाही, शिस्तभंगाच्या कारवाईपर्यंत जातं. आणि अशा गोष्टी सापडतात कशा माहीत आहे? त्याच प्रशिक्षणाला आलेला दुसरा कुणीतरी चहाच्या टेबलावर सहज बोलून जातो.

जेवणाची एकरकमी रक्कम मात्र बिनधास्त घ्या. ती बिलांवर अवलंबून नाही. तुम्ही बहिणीच्या हातची आमटी जेवलात की उडप्याकडे डोसा खाल्लात, सरकार विचारत नाही. फक्त प्रशिक्षण संस्थेने जेवणाची सोय विनामूल्य केली असेल, तर ते बिलात सांगायला हवं, पूर्ण रक्कम लागणार नाही. रोजचं डोंबिवली ते प्रशिक्षणाची जागा हे स्थानिक प्रवासाच्या मर्यादेत येतं, मूळ दर दिवसाला २२५ रुपये. लोकलला जेवढं लागतं तेवढंच लिहा. लोकलने जाऊन टॅक्सी लिहिणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना वाटतं, गर्दीच्या वेळी डोंबिवलीहून टॅक्सीने कामावर वेळेत पोचता येतं यावर कुणी विश्वास ठेवेल.

प्रश्न: पुण्याच्या एका संशोधन संस्थेत आहे, लेव्हल ११. सोमवारी बंगळुरूला परिषद. मुलगा हैदराबादला असतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी पुणे–हैदराबाद, रविवारी रात्री हैदराबाद–बंगळुरू, मंगळवारी बंगळुरू–पुणे अशी तिकिटं एका खासगी ॲपवरून काढली. जातानाची दोन्ही तिकिटं मिळून जवळजवळ थेट तिकिटाएवढीच पडली. आता ऑफिस म्हणतं, हे बिल घेता येत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर: तुमच्या पत्रात दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. त्यातली सोपी आधी.

मार्गाचं म्हणाल तर सप्लिमेंटरी रूल ३० वाचा. दोन ठिकाणांमधला प्रवास सगळ्यात जवळच्या, जाण्याजोग्या मार्गाने केला असं धरून हिशेब होतो. हैदराबाद तुमच्या वाटेवर नव्हतं. त्यामुळे जातानाचं भाडं पुणे–बंगळुरू थेट भाड्याच्या मर्यादेत. समजा थेट भाडं ४,८०० आणि तुमच्या दोन तुकड्यांची बेरीज ५,१००, तर ४,८००. बेरीज ४,५०० असती तर ४,५००. कमी असेल तो आकडा. जेवणाचा दिवसही शुक्रवारपासून सुरू होणार नाही. सोमवारच्या परिषदेसाठी पुण्याहून ज्या वेळी निघणं गरजेचं होतं, तिथून सुरू. रविवारी संध्याकाळचं विमान धरा आणि तेवढेच तास मोजा. शनिवारचं मुलाकडचं जेवण सरकारच्या खात्यात नको.

अवघड आहे ते ॲप. तीन अधिकृत एजंटांबाहेर काढलेलं विमान तिकीट म्हटलं की बिल अडकलंच. सूट मिळू शकते, पण त्यासाठी कारण लागतं: त्या तिघांकडे जागाच नव्हती, रात्री अचानक बोलावणं आलं, असं काही. ‘ॲप सोयीचं होतं’ हे कारण नव्हे. तुमच्या बाबतीत मला खरी गोम वाटते ती ही, की सगळा प्रवास तुम्ही घरगुती सहलीसारखा आखलात आणि नंतर त्याला सरकारी बिल चिकटवलंत. हेच उलट करायचं असतं. पुणे–बंगळुरू–पुणे तिकीट अधिकृत एजंटाकडून काढण्याचा कागद आधी तयार करायचा, मग त्यातला जाण्याचा तुकडा बदलून हैदराबादहून जायची परवानगी मागायची. आता प्रवास झालेला आहे, तर विभागप्रमुखांकडे कार्योत्तर मंजुरीचा अर्ज द्या. त्यात मुलाला भेटायला गेलो होतो हे स्पष्ट लिहा. बंगळुरू–पुणे परतीचं भाडं वेगळं दाखवा, तो तुकडा तर निखळ सरकारी आहे. सगळं एकत्र मागितलं की सगळं एकत्र परत येतं.

प्रश्न: मी नाशिकला, लेव्हल ६. गुवाहाटीला तीन दिवसांचा दौरा लागलाय. तिथूनच एलटीसी (रजा प्रवास सवलत) घेऊन शिलाँगला जायचं आणि बायको-मुलांनी नाशिकहून येऊन मला भेटायचं, असं चालेल का? की आधी परत यायला हवं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: परत येऊन पुन्हा जायला सांगणारा नियम असता तर सरकारचाच तोटा झाला असता. एलटीसीच्या नियमांत ही सोय आहेच. पूर्वपरवानगीने दौऱ्याच्या ठिकाणाहूनच रजेवर जायचं. नाशिक ते गुवाहाटी तुमचा प्रवास टीएवर. गुवाहाटी ते शिलाँग आणि शिलाँगहून नाशिक हा एलटीसीवर. तुमच्यापुरतं गुवाहाटी हे एलटीसीचं सुरुवातीचं ठिकाण धरलं जातं. घरच्यांचा सगळा प्रवास नाशिकपासून नाशिकपर्यंत एलटीसीवर. त्यांनी तुमच्याबरोबरच प्रवास करायला हवा असं बंधन नाही. उलटही चालतं: आधी सहल, मग तिथूनच दौऱ्याच्या ठिकाणी, मग घरी. तेव्हा जाताना एलटीसी आणि पुढचं टीए.

ठिकाण निघण्याआधी जाहीर करा. २०२२–२५ या चार वर्षांच्या गटातलं राहिलेलं वापरत असाल तर ते अर्जात लिहा. तीन दिवसांचा दौरा संपला की भत्ता संपला, एलटीसीत जेवणाचे पैसे नसतात. गुवाहाटी ते शिलाँग खासगी टॅक्सी कराल, सगळेच करतात, पण त्याचे पैसे एलटीसीत मिळणार नाहीत. सरकारी बसने गेलात तर तिकीट पाकिटात जपा, तिथल्या पावसात ते भिजून चिकटतं.

बिलं दोन. टीएचं दौरा संपल्यापासून ६० दिवसांत. एलटीसीचं, अग्रिम घेतला असेल तर परतल्यापासून एका महिन्यात, नसेल तर तीन महिन्यांत. प्रत्येक बिलावर दुसऱ्याचा उल्लेख करा, नाहीतर गुवाहाटीहून परतीचं भाडं दिसत नाही म्हणून टीएवाला विचारतो आणि नाशिकहून जाण्याचं दिसत नाही म्हणून एलटीसीवाला.

प्रश्न: सरकारी दौऱ्यांच्या विमान प्रवासात माझ्या नावावर जमलेले माइलेज पॉइंट्स मुलीच्या तिकिटाला वापरले तर?
— एक वाचक, मुंबई

उत्तर: नाही. सरकारी पैशाने काढलेल्या तिकिटावरचे पॉइंट्स सरकारी प्रवासालाच वापरायचे, खासगी वापर केला तर विभागीय कारवाई, असा स्पष्ट आदेश आहे. स्वतःच्या खर्चाने केलेल्या प्रवासाचे पॉइंट्स तुमचेच. म्हणून दोन्ही एका खात्यात जमवू नका, नंतर कुठले कोणते हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

प्रश्न: दौऱ्यानंतर दोन दिवस थांबायला साहेब तोंडी ‘हो’ म्हणाले होते. आता त्यांची बदली झाली आणि नवे साहेब सही करत नाहीत. बिलाचे ६० दिवस भरत आले आहेत.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: नव्या साहेबांच्या जागी मी असते तरी सही केली नसती, हे आधी सांगून टाकते.

आता वेळ महत्त्वाची. त्या दोन दिवसांच्या वादात अख्खं बिल अडकवू नका. ६० दिवस दौऱ्याचं काम संपल्याच्या तारखेपासून मोजा. उशिराने परतलात त्या तारखेपासून मोजून उगाच वाद ओढवू नका. आजच बिल दाखल करा. मंजूर दौऱ्याच्या दिवसांचा भत्ता मागा, परतीचं भाडं दौरा संपल्याच्या दिवसाच्या मर्यादेत मागा, आणि मधल्या दोन दिवसांसमोर ‘वैयक्तिक मुक्काम, भत्ता मागितलेला नाही’ असं हाताने लिहून सही करा. आवक विभागाचा शिक्का आणि तारीख आपल्या प्रतीवर घ्यायला विसरू नका. त्या दोन दिवसांच्या रजेच्या नियमिततेचा अर्ज वेगळ्या कागदावर करा. जुन्या साहेबांना फोन करून दोन ओळींचा ई-मेल मिळाला तर तो जोडा. ई-मेल नाहीच आला, तर ते दोन दिवस अर्जित रजेत टाकायची तयारी ठेवा. बिल मुदतीबाहेर जाण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.